गाडी बंद पडलेली नाही

प्रिय वायसर,

या नावानं तुला कुणी हाक मारून किती वर्षं झाली, कोण जाणे. ऑफिसात तू मॅडम आहेस, सासरी सूनबाई आहेस, आणि जावईबापू तर नुसतं "अगं ऐकलंस का" वर भागवतात. पण आज मी हेच नाव लिहिणार आहे, रागावू नकोस. आणि फोन सोडून पत्र का, तेही आधीच सांगून टाकते. फोनवर माझं वाक्य संपायच्या आत तू "हो आई, कळलं आई" म्हणतेस आणि पुढच्या विषयावर उडी मारतेस. मी जन्मभर हॉस्पिटलच्या फोनबोर्डवर बसलेली बाई. समोरचा ऐकतोय की नुसतं हं हं करतोय, ते मला त्याच्या श्वासावरून कळतं. पत्राचं तसं नाही. फार तर तू ते बाजूला ठेवशील, पण मध्येच तोडता येणार नाही.

लिहायला बसलेय कुठे, सांगू? आपल्या नव्या गाडीच्या मागच्या सीटवर. नवी म्हणजे आपल्याला नवी; तिचं अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या दारात गेलंय. मांडीवर चहाचा ट्रे उलटा घेतलाय आणि त्यावर कागद. पुढे बाबा बॉनेट उघडून उभे आहेत. मला काचेतून नुसतं वर केलेलं बॉनेट दिसतं, आणि खालच्या फटीतून मधूनमधून त्यांच्या बोटाचं पांढरं बँडेज इकडून तिकडे जातं. ते बराच वेळ दिसलं नाही की मी उतरून बघून येते. तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं किंवा वाक्य कुठे लोंबकळत राहिलं, तर समजून घे. सध्या माझं सगळंच असं चाललंय. बूड म्हणून टेकत नाही. चहा ठेवते आणि ते काय करतायत ते बघायला बाहेर येते, बाहेर आले की चहा आठवतो, आत जाते तर चहा उतू गेलेला. या महिन्यात मी चहा प्याले कमी आणि शेगडीवरून पुसला जास्त.

रविवारी तू येणार. बाबांची बॅग भरणार, त्यांना वृद्धांच्या त्या निवासात पोचवणार. तिथली खोली त्यांनी रविवारपर्यंत धरून ठेवलीय. गाडीलाही जावईबापूंनी गिऱ्हाईक बघून ठेवलंय, म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला. सगळं ठरलं, फक्त मी "हो" म्हणायची बाकी आहे, आणि तेही मी म्हटल्यासारखंच तुम्ही धरून चाललाय. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं गं. थांब, चिडून लिहितेय. तुला दोष द्यायला हे पत्र नाही. बँडेज दिसेना, बघून येते.

आले. वायपरची रबरं काढून पुसत होते. कालच पुसली होती, पण पुसू दे, झिजून झिजून किती झिजतील. तर मी ही गाडी का घेतली, ते तू मला कधी विचारलंच नाहीस. नुसतं "या वयात? आणि तीही वापरलेली? आणि तीही तसली, बॅटरीची?" असं तीनदा ओरडलीस. ऐक. जुनी गाडी आपण विकली, कारण बाबा ती घेऊन दोनदा भलतीकडेच गेले. बरोबरच केलं. पण त्यानंतर त्यांचं जे फिरणं सुरू झालं ना, ते तू पाहिलेलं नाहीस. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून दाराशी, दार हलवून बघायचं, परत फिरायचं. ज्या माणसानं डेपोत जन्मभर बसची इंजिनं उघडली आणि मिटली, त्याच्या हाताला काम नाही आणि डोक्याला थारा नाही. एकदा मास्तरांनी, म्हणजे आपल्या समोरच्या घरातल्या बातमीदारानं, आम्हाला त्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. तर गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बाबा असे शांत, की मला वाटलं झोपले. झोपले नव्हते. खिडकीतून रस्ता बघत होते. त्याच दिवशी मी ठरवलं, गाडी हवी, आणि रोज चक्कर मारायची म्हणजे पेट्रोल कमी पिणारी हवी. दातांच्या डॉक्टरीणबाई गाव सोडून चालल्या होत्या, त्यांची ही होती. एक इंजिन पेट्रोलचं, एक मोटर विजेची. दोघांचं आपसात ठरतं, आता तू ओढ, आता मी ओढते. नवराबायकोंना जे जमत नाही ते या गाडीला जमतं.

पहिल्याच चकरेत फजिती झाली. सिग्नलला थांबलो आणि इंजिन आपलं आपण बंद झालं. ही गाडी तशीच आहे, थांबली की इंजिन झोपतं, आवाज नाही, थरथर नाही. बाबा एकदम ताठ झाले. "बंद पडली!" म्हणाले आणि मी काय ते सांगेपर्यंत दार उघडून खाली उतरून बॉनेटवर हात आपटायला लागले, उघड म्हणून. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक बाई काच खाली करून मला म्हणाली, आजोबांना घरी ठेवत जा. मी तिला जे म्हटलं ते तुला लिहीत नाही, तुझ्या आईला हॉस्पिटलात फार गोड आवाजाची म्हणत असत. प्रत्येक सिग्नलला हेच. गाडी बंद पडलेली नाही, हो, बंद पडलेली नाही, असं सांगून माझा घसा सुकला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एकदा ते नुसते वाकले आणि त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली, आणि नेमका सिग्नल सुटला, मी पाय दाबला, गाडी गुपचूप निघाली. केवढे खूश झाले! हात लागला की चालते, म्हणाले. तेव्हापासून प्रत्येक सिग्नलला ते थाप मारतात आणि गाडी चालू होते. माझ्यासारख्या बाईला नवरा रोज दहादा गाडी दुरुस्त करून देतोय, आणखी काय पाहिजे?

मग माझ्या डोक्यात आलं, की बॉनेट उघडायचंच आहे ना त्यांना, तर उघडू दे. घरी, अंगणात, सकाळच्या उन्हात. आणि नुसतं खोटं खोटं नाही. त्यांना खोटं काम कळतं. एकदा मी त्यांना आधीच घट्ट असलेला नट घट्ट करायला दिला, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली मान घातली. म्हणून मी खरी कामं शोधायला लागले. मोबाइलवर व्हिडिओ बघते, वाचनालयातून पुस्तक आणलंय. तुझ्या आईला पूर्वी गाडीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं एवढंच कळायचं, आता विचार काय ते. समोरचा कप्पा काढला की त्याच्या मागे आतल्या हवेची जाळी असते, ती आम्ही बदलली; जुनीत पाचोळा आणि एक मेलेलं फुलपाखरू निघालं. इंजिनाच्या हवेचा फिल्टर झटकला. डिक्कीत एक छोटी बॅटरी असते, साधीच, तिच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली होती, ती गरम पाणी आणि खायच्या सोड्यानं बाबांनी अशी लखलखीत केली की त्यात तोंड बघावं. हवा, पाणी, तेल, सगळं दोघांनी मिळून. मी वाचून सांगते, ते करतात. मी चुकीचं वाचलं तर ते ऐकत नाहीत, आणि त्यांचंच बरोबर निघतं. कधी कधी उलटंही होतं आणि मग आम्ही भांडतो. भांडलो की मला फार बरं वाटतं. भांडताना ते पूर्वीचेच असतात.

आता तुझा जीव खालीवर होत असेल, की त्या गाडीत मोठी बॅटरी असते, तिची वीज माणूस मारते. असतेच. तिच्या तारा जाड नारिंगी रंगाच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही, हे मी पहिल्या दिवशी शिकले. पण बाबांना शिकवायचं कसं? सांगितलेलं राहत नाही. चिठ्ठी चिकटवली तर तीच काढून पुसून ठेवतात. मग मला लाल फडकं आठवलं. तुला आठवतं? डेपोत गाडीला लाल फडकं बांधलेलं असलं, की दुसरं कुणीतरी तिथं काम करतंय, आपण हात लावायचा नाही. फोरमनचा बाप आला तरी लावायचा नाही. घरीही त्यांनी शिवणयंत्राला लाल फडकं बांधलं होतं आणि माझं शिवण चार दिवस अडून बसलं होतं. मी माझी जुनी लाल उशी फाडली आणि दिसली तेवढी नारिंगी तार फडक्यांनी बांधून टाकली. वायसर, तेव्हापासून त्यांनी एकदाही, एकदाही तिकडे बोट नेलेलं नाही. बायकोचं नाव विसरतील, पण फडकं विसरणार नाहीत. फक्त रोज विचारतात, हे काम कोणाचं? मी म्हणते, दुसऱ्या पाळीतल्या माणसाचं. तर रोज त्या बिचाऱ्याचा उद्धार होतो. कामचोर लेकाचा, इतके दिवस एवढंसं काम धरून बसलाय, वर तक्रार करतो त्याची. मीही मान हलवते. नसलेल्या माणसाला शिव्या खायला लागतात, पण त्याच्यामुळे माझा नवरा जिवंत आहे.

पान उलटलं. बाबा आता टायरशी बसलेत, ठीक आहे. मागच्या सीटच्या कडेला, मी आत्ता बसलेय तिथेच कोपरापाशी, एक छोटी जाळी आहे. मोठी बॅटरी सीटखाली असते, तिला गार ठेवायला एक पंखा, आणि पंखा या जाळीतून हवा ओढतो. डॉक्टरीणबाईंचा कुत्रा इथे बसत असावा. सगळे केस आत. जाळी साफ नसली तर बॅटरी तापते आणि मग खर्चाचा डोंगर. बाबांनी बाहेरची जाळी काढली, ब्रशानं स्वच्छ केली, पण आत बोळकांडीत केसांचा एक बोळा अडकलाय, तिथं त्यांचा पंजा जात नाही, माझाही नाही. चिमटा घातला तर निसटतो. हे काम तेवढं राहिलंय. रोज इथे येतात, वाकून बघतात आणि म्हणतात, तिला बोलाव, तिचा हात जाईल.

तिला म्हणजे कुणाला, ते तुला कळलं असेल. सुट्टीच्या दिवशी अंगणात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या उघडल्या जायच्या, आणि नट खाली पडून कुठे तरी खोबणीत गेला की सगळे पुरुष हात झटकून बाजूला व्हायचे आणि तू फ्रॉक सावरत पुढे व्हायचीस. बाबांच्या डाव्या बाजूला तुझी जागा ठरलेली. नाव तेव्हाच पडलं. आम्ही दोघं भांडलो की तू मध्ये येऊन बसायचीस. नट आणि बोल्ट एकमेकांवर थेट घासले तर दोघंही झिजतात, मध्ये वायसर लागते, असं ते सगळ्यांना सांगायचे. तुला त्यांनी दोनच नियम शिकवले होते. हात आत घालण्याआधी बोटात काही ठेवायचं नाही. ते स्वतः लग्नाची अंगठी काढून खिळ्याला टांगायचे आणि मी रोज चिडायचे. आणि दुसरा, ज्याचा हात गाडीत, किल्ली त्याच्या खिशात. म्हणजे आपला हात आत असताना कुणी गाडी चालू करूच शकत नाही. तू एवढीशी असताना किल्ली फ्रॉकच्या खिशात घालून वर हात ठेवून उभी राहायचीस, बँकेतल्या पहारेकऱ्यासारखी.

आता बोटाचं सांगते. हे मी तुला फोनवर सांगितलं होतं, पण तू ऐकलं नाहीस. तुला वाटलं, मी त्यांना पाठीशी घालतेय. मास्तरांनी तुला कळवलं, की तुमच्या वडिलांनी चालू इंजिनात हात घातला, भ्रम झालाय त्यांना, आणि तू तेच धरून बसलीस. अगं, गाडी मी चालू सोडली होती! चक्कर मारून आलो, गाडी अंगणात लावली, आणि घरात फोन वाजायला लागला. फोन वाजला की माझे पाय माझं ऐकत नाहीत, तिसऱ्या घंटेच्या आत उचलायची सवय हाडात मुरलीय. इंजिन झोपलेलं, आवाज शून्य, मला वाटलं बंद केली. उतरताना ती पीं पीं करत होती, पण ही बया दार उघडलं तरी पीं पीं करते, पट्टा नाही लावला तरी करते, मागे घेतली तरी करते. कोण लक्ष देतो? ही गाडी बटणावर चालू-बंद होते, किल्ली नुसती जवळ लागते; ती घेऊन आत पळाले. फोनवर कुणीतरी गालिचे धुऊन देणारा. आपल्याकडे गालिचा आहे का एक तरी?

बाहेर आले तर बाबांनी बॉनेट उघडलेलं. मला बघून त्यांनी काय केलं असेल? हात पुढे केला आणि म्हणाले, किल्ली. मी दिली. ती त्यांनी शर्टाच्या खिशात घातली, खिशाचं बटण लावलं, अंगठी काढून मला दिली. सगळं, सगळं नियमानं. साऱ्या जगात ज्या गाडीची किल्ली खिशात असते ती गाडी बंद असते. ही एकच अशी की किल्ली खिशात, इंजिन गप्प, आणि तरी ती जागी असते. बॅटरी थोडी उतरली की ती आपल्या आपण इंजिन चालू करते. मला हे माहीत होतं, त्यांना कसं माहीत असणार? त्यांचा अंगठा आणि बोट इंजिनाच्या कडेच्या पट्ट्यावर होती, ढिला झालाय का बघायला. मी टॉर्च धरून उजवीकडे उभी होते. आणि इंजिन सुरू झालं. हे झालं ते असं. यात भ्रम कुठे आहे, तूच सांग. मास्तरांना कुंपणावरून जेवढं दिसलं तेवढंच त्यांनी सांगितलं.

तू म्हणशील, ठीक आहे आई, पण नंतरचं काय? नंतरचं खरं आहे. बोट मोडल्यापासून त्यांची तगमग वाढलीय. फाटकाबाहेर जातात. मास्तरांनी त्यांना दोनदा परत आणलं, दोन्ही वेळा तुझ्या जुन्या शाळेच्या फाटकापासून, शाळा सुटायच्या वेळी. मास्तर म्हणाले, तिथे उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना न्याहाळतात, बरं दिसत नाही. तू तिकडून म्हणालीस, आता हाताबाहेर गेलं, आणि त्याच दिवशी निवासात फोन केलास. मी तुला वाईट म्हणत नाही. निवासही वाईट नाही. मी जाऊन आले. स्वच्छ आहे, बाग आहे, परिचारिका हसऱ्या आहेत. फक्त सगळ्यांचे हात मांडीवर ठेवलेले होते. आणि मी काही लोखंडाची नाही. परवा मीच त्यांची बॅग माळ्यावरून काढली, झटकली, उघडी ठेवून तिच्याकडे बघत बसले. मला झोपायचंय गं. दार हलल्याचा आवाज न ऐकता एकदा तरी झोपायचंय. मग बॅग परत माळ्यावर टाकली. हे असं माझं रोज चाललंय, वर आणि खाली.

आणि एक सांगू, तू रागावलीस तरी. तू या निर्णयाला आलीस ती बोटामुळे नाही, शाळेमुळेही नाही. मागच्या वेळी तू आलीस तेव्हा बाबा उठून उभे राहिले, तुला नमस्कार केला आणि मला म्हणाले, या बाईंना पाणी दे. तू हसलीस. पाणी प्यालीस, ग्लास स्वतः विसळून ठेवलास, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडलास. मी फोनबोर्डवरची बाई आहे, मला नळाच्या आवाजापलीकडचंही ऐकू येतं. त्या दिवसापासून तू आलेली नाहीस. फोन करतेस, डॉक्टर बघतेस, औषधं पाठवतेस, खोली शोधतेस, सगळं करतेस, फक्त येत नाहीस. मला कळतं. जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही, त्या घरी कुणाचे पाय वळतील?

म्हणून आता जे सांगते ते नीट वाच. हे मी फोनवर सांगितलं नाही, कारण हे सांगताना तू मध्ये "कळलं आई" म्हणाली असतीस तर मला सहन झालं नसतं. इंजिन सुरू झालं त्या क्षणी बाबा ओरडले. त्यांनी स्वतःचा हात मागे घेतला नाही. त्यांनी डावा हात जोरात बाजूला फेकला, डावीकडे, जिथे कुणीही नव्हतं, कारण मी उजवीकडे होते, आणि ओरडले, "वायसर, हात काढ!" त्यात जो वेळ गेला त्यात उजव्या हाताचं बोट पट्ट्यात सापडलं. मी त्यांना ह्याच गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. वाटेत सिग्नल लागले, इंजिन झोपलं, पण त्यांनी एकदाही बंद पडली म्हटलं नाही, थाप मारली नाही. बोटातून रक्त गळतंय आणि एकच विचारतायत, पोरीचा हात वाचला ना? डॉक्टरांनाही तेच विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, मुलगी कुठे आहे? मी म्हटलं, बरी आहे, घरी आहे. बाबांना पटलं नाही. दाखव म्हणाले. आणि तेव्हापासून ते शोधतायत. फाटकाबाहेर जातात ते हरवायला नाही. शाळेशी उभे राहतात ते तुझा हात बघायला. मला हे सांगायला शब्द जुळत नव्हते आणि तुम्ही तिकडे खोली ठरवून मोकळे झालात.

तेव्हा रविवारी ये, जरूर ये. पण बॅग भरायला लगेच आत जाऊ नकोस. सकाळी ये, जुने कपडे घाल, अंगठी घरी ठेवून ये. बाबा, मी आलेय, ओळखलंत का, असं काही विचारू नकोस. त्यांना तुझा चेहरा कळणार नाही, मोठी झालेली तू त्यांच्या हिशेबात नाहीस. सरळ त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहा. पाना मागतील तो दे, शिव्या दिल्या तर त्या दुसऱ्या पाळीतल्या माणसाला असतील, मनावर घेऊ नकोस. मग मागचं दार उघड आणि त्या जाळीत हात घालून केसांचा बोळा काढ. तुझा हात अजून जाईल, माझ्यावर गेली नाहीस तू, त्यांच्या आईवर गेलीस. एवढं झालं की तूच ठरव. खोली घ्यायची म्हणालीस तर मी भांडणार नाही, मी स्वतः गाडी चालवत त्यांना तिथं पोचवीन, सिग्नलला थाप मारू देईन. पण आधी तेवढं कर. बोळा त्यांच्या हातात दे आणि मग दोन्ही हात त्यांच्यासमोर धर, उलटे सुलटे करून, दहाही बोटं दाखव. इतके दिवस ते तेवढंच विचारतायत गं.

तुझीच,
आई ऊर्फ बोल्ट